बुधवारचा तिसरा गाडा

१

शुक्रवारी दुपारी डॉक्टरांनी दुर्बिणीच्या चिमट्याने घड्याळजींच्या पोटातून जो जंत ओढून काढला, तो जिवंत होता. बशीत टाकल्यावर त्याने अंग ताणलं, आखडलं आणि पुन्हा गुंडाळी करून स्वस्थ बसला. नर्सने बशी हातभर लांब सरकवली. घड्याळजी मात्र गुंगीतून पुरते बाहेर आले नसतानाही मान उचलून त्याच्याकडे बघत होते.

"चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांतून स्प्रिंगा काढल्या," ते म्हणाले. "आज माझ्यातली निघाली."

सोमवारी सकाळी त्यांच्या दारात अन्न तपासनीसबाई उभ्या राहिल्या. बाजारात त्यांना सगळे चिमटाबाई म्हणत. एक तर त्यांच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी कायम एक स्टीलचा चिमटा असायचा, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या बोलण्याने भल्याभल्यांना तो चिमटा लागायचा. वीस वर्षं त्या दुधातलं पाणी आणि तिखटातला रंग पकडत आल्या होत्या. हाताखालून एक कागद कधी चुकीचा गेला नाही, हा त्यांचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

घड्याळजींच्या सुनेने कचऱ्याच्या डब्यातून राखून ठेवलेलं पाकीट आणून दिलं. त्यावर शिक्का होता: थंड खोलीतून बाहेर, बुधवार. खाली ठळक अक्षरात 'कच्चा खाण्यास योग्य'. सुनेचा चेहरा पडला होता. बाबांना हौस म्हणून तिनेच गुरुवारी पाकीट आणलं होतं, तिनेच माशाचे पातळ काप करून वर लिंबू पिळलं होतं.

"मी शिजवून दिलं असतं तर काही झालं नसतं ना?" तिने विचारलं.

"शिजवून काहीच झालं नसतं," चिमटाबाई म्हणाल्या. "पण पाकिटावर कच्चा चालेल असं लिहिलंय. तुम्ही वाचलंत, विश्वास ठेवलात. यात तुमची चूक कुठे आली?"

समुद्रातल्या माशांत असे जंत असतातच. मासा मेला की ते आतड्यांतून मांसात शिरतात. म्हणून मासा लगेच साफ करायचा, तुकडे उजेडावर धरून तपासायचे, आणि कच्चा विकायचा असेल तर सात दिवस कडक थंडीत ठेवायचा. नजरेतून जो जंत निसटतो, तो थंडीत मरतो. मेलेला जंत पोटात गेला तर सहसा काही बिघडवत नाही.

"डॉक्टर, तो जिवंतच होता? नक्की?" त्यांनी तिथूनच फोन करून विचारलं.

"बशीतून बाहेर निघाला होता, बाई."

चिमटाबाईंनी बुधवारच्या शिक्क्याची सगळी पाकिटं दुकानांतून परत मागवली आणि प्रयोगशाळेत पाठवली. मेलेल्या जंताबद्दल समुद्राकडे बोट दाखवता आलं असतं. जिवंत जंत म्हणजे थंडीतच काहीतरी घोळ झाला होता, आणि थंडी माणसांच्या हातात होती.

२

बुधवारी त्या मासे साफ करण्याच्या कारखान्यात पोचल्या तेव्हा व्यवस्थापक फाटकावरच वाट बघत होते. हे मालकांचे जावई. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठ फिरली की जावईबापू. माणूस तिशीतला, उत्साही, नवं काही वाचलं की दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात आणणारा.

"चूक कुणाची ते मला माहीत आहे," चालता चालताच त्यांनी सांगून टाकलं. "आमच्या मावशी. काचेच्या टेबलावर तुकडे तपासतात. अठ्ठावन्न वय, गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर वाढलाय. मला वाईट वाटतं, पण शनिवार त्यांचा शेवटचा दिवस."

"तुम्ही तपास आधीच संपवलाय की," चिमटाबाई म्हणाल्या. "मग मी चहा पिऊन जाऊ का?"

जावईबापूंनी पुढे होऊन दार उघडून धरलं.

मोठ्या खोलीत शिरताच चिमटाबाईंनी डोळे मिचकावले. छतावरचे सगळे दिवे पिवळेजर्द होते. पांढऱ्या फरशीपासून बायकांच्या डोक्यावरच्या टोप्यांपर्यंत सगळ्यावर तोच रंग चढला होता.

"या दिव्यांवर माश्या आणि चिलटं येत नाहीत," जावईबापू फुलून म्हणाले. "तीन आठवडे झाले लावून. आता एक माशी दाखवा."

एकही माशी नव्हती, आणि तसं चिमटाबाईंनी वहीत लिहून घेतलं. खोलीच्या एका टोकाला मासे कापले जात होते. कोपऱ्यात जाड काळ्या पडद्याआड काचेचं टेबल होतं, त्याच्या पोटात स्वतःचा वेगळा दिवा. तपासलेले तुकडे ट्रेमध्ये जात, ट्रे लोखंडी गाड्यावर एकावर एक चढत, आणि दिवसाचे दोन गाडे भरले की ते थंड खोलीत ढकलले जात. पाकिटं नंतर, बाहेर निघण्याच्या दिवशी भरायची.

थंड खोलीचा कारभार बर्फ्या नावाच्या माणसाकडे होता. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कारखान्यात कुणालाच आठवत नसे. भर उन्हाळ्यात दोन स्वेटर घालून तो खुर्चीवर बसला होता. त्याच्या मागे तापमान टिपणारं यंत्र कागदावर रेघ ओढत होतं.

चिमटाबाईंनी महिन्याभराचे कागद मागून घेतले. रेघ कुठेही वर चढलेली नव्हती. कागद बदलल्याचीही खूण नव्हती. वीज गेली नव्हती, यंत्र बंद पडलं नव्हतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"इथं कसलं मुरतंय बाई," बर्फ्या म्हणाला. "इथं पाण्याचा दगड होतो."

"मग जिवंत जंत बाहेर कसा आला?"

"ते मला काय विचारता? मी रिबीन बघतो आणि गाडा काढतो. मंगळवारी पिवळी, बुधवारी पांढरी. सकाळी मागच्या आठवड्याचे त्या रंगाचे सगळे बाहेर, संध्याकाळी मी गेल्यावर बायका त्याच रंगाचे नवे आत ढकलतात. वीस वर्षं चाललंय. सात दिवस मोजायला बोटंसुद्धा लागत नाहीत." त्याने कंबरेवर हात ठेवला. "मोजायचंच असेल तर माझ्या पाठीकडे बघा. मागच्या बुधवारी एकट्याने तीन गाडे ओढले. आणि काल मंगळवारी एकच, बसून माश्या मारायच्या म्हटलं तर त्यापण नाहीत. जरा सारखं वाटून द्या म्हणावं काम."

मग त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"खरं विचाराल तर जावईबापूंना गाठा. मागच्या महिन्यात मला म्हणाले होते, सात दिवसांचे चार करता येतील का."

३

जावईबापूंनी कानावर हात ठेवले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांचे कान मात्र लाल झाले.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "मागणी वाढली होती. मग नियम नीट वाचला आणि दुसऱ्या दिवशी बर्फ्याला सांगितलं की विसरून जा. विचारा त्याला."

बर्फ्याने मान डोलावली. सांगितलं होतं, हे त्याला आत्ता आठवलं.

"आणि बोटवाला मासे वेळेवर साफ करत नसला तर? तिकडेही बघा ना," जावईबापूंनी सुचवलं.

"बोटवाल्याने आळस केला तर जंत जास्त येतील. जिवंत येणार नाहीत," चिमटाबाई म्हणाल्या. "मला मावशींकडे न्या."

मावशी पडद्याआड उभ्या होत्या. ठेंगण्या, रुंद हाताच्या, चष्मा दोऱ्याने मानेला बांधलेला. काचेवर माशाचा तुकडा ठेवला की खालच्या उजेडाने तो आतून उजळायचा आणि मांसातली प्रत्येक शीर दिसायची. मावशी बोलल्या ते तुकड्यावरची नजर न काढता.

"मला काढणार आहेत ते कळलंय. त्याचं काय, कधीतरी घरी बसायचंच आहे. पण एका माणसाच्या पोटात माझ्या हातून जंत गेला, ते मला सोसत नाही. झोप लागत नाही, ताई. कसे आहेत ते?"

"बरे आहेत. विनोद करतायत."

मावशींनी डोळे पुसले ते दंडाला, कारण हातात मोजे होते.

चिमटाबाई तयारीने आल्या होत्या. त्यांनी मावशींना बाहेर पाठवलं, दहा तुकडे निवडले आणि प्रयोगशाळेतून कुपीत आणलेले चार मेलेले जंत चिमट्याने चार तुकड्यांत सारले. मग मावशींना आत बोलावलं. जावईबापू पडद्याला टेकून उभे राहिले. त्यांना निकाल माहीतच होता.

मावशींना पाच मिनिटं लागली. त्यांनी पाच तुकडे बाजूला काढले.

"चारच होते," जावईबापू म्हणाले.

"हे चार कुणीतरी घातलेत," मावशी म्हणाल्या. "मांस फाटलंय तिथे. हा पाचवा आपला आपण आलाय."

चिमटाबाईंनी पाचव्या तुकड्यात चिमटा घातला आणि बोटाच्या पेराएवढी गुंडाळी बाहेर काढली. स्वतः निवडताना त्यांच्या नजरेला ती दिसली नव्हती.

"डोळे तर माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे," त्या म्हणाल्या.

"जाड तुकड्यात खोल बसला तर मलाही दिसत नाही, ताई. खोटं कशाला बोलू? उजेड तिथवर पोचत नाही. म्हणून तर थंड खोली."

दिवसाचं काम आटोपत आलं होतं. मावशी पडद्याबाहेर आल्या, मोजे काढले आणि भरलेल्या दोन गाड्यांकडे गेल्या. भिंतीलगतच्या फळीवर सहा डबे होते, सोमवार ते शनिवार. त्यातल्या तिसऱ्या डब्यातून त्यांनी दोन रिबिनी घेतल्या, केसांना लावतात तशा, आणि गाड्यांच्या दांड्यांना फुलाच्या गाठीने बांधल्या.

"बुधवारची पांढरी," त्या म्हणाल्या. "आधी खडूने वार लिहायचो, तर बर्फ साचून पुसला जायचा. माझी लेक तेव्हा शाळेत होती, रिबिनींचा ढीग पडलेला घरी. एक दिवस आणल्या, त्या लागू पडल्या. बाहेर आलेल्या रिबिनी मीच धुते, वाळवते, डब्यांत लावते."

चिमटाबाई हातभर अंतरावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांना खटकावं असं त्यात काहीच दिसलं नाही. त्यांनी तिथल्याच टेबलावर तपासणीचा फॉर्म भरला. मावशींनी सही केली, जावईबापूंनी केली. मधला कार्बन काढून चिमटाबाईंनी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, एक जावईबापूंना दिली आणि एक पर्समध्ये ठेवली.

थंड खोली निर्दोष, मावशींचे डोळे निर्दोष, आणि जंत तरीही जिवंत. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा मनातल्या मनात हात टेकले.

४

गुरुवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि गुंता आणखी वाढला.

परत आलेल्या पाकिटांपैकी सोळांमध्ये जंत सापडले होते. सगळ्या पाकिटांवर तोच बुधवारचा शिक्का. अकरा पाकिटांतले जंत मेलेले होते. पाच पाकिटांतले जिवंत.

चिमटाबाईंनी अहवाल टेबलावर ठेवला. थंड खोली बिघडली असती तर सगळेच जिवंत राहिले असते. नीट चालली असती तर सगळेच मेले असते. एकाच खोलीतून एकाच दिवशी निघालेल्या मालात दोन तऱ्हा होत्या. म्हणजे त्यातला काही माल त्या खोलीत पुरेसा राहिलाच नव्हता. काही म्हणजे किती? सोळातले पाच. साधारण तिसरा हिस्सा.

मागच्या बुधवारी एकट्याने तीन गाडे ओढले, असं बर्फ्या म्हणाला होता.

त्या खुर्चीत ताठ झाल्या. रोज दोनच गाडे आत जातात, तर दोनच बाहेर यायला हवेत. तिसरा आला कुठून? आणि या मंगळवारी एक कमी पडला. जो गाडा मंगळवारी निघायचा, तो सहा दिवस आधी, बुधवारीच निघून गेला होता. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी आत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला. एका रात्रीच्या थंडीत मधल्या ट्रेमधले तुकडे वरून दगड झाले असतील, पण आतला जंत मरत नाही, नुसता गारठून पडून राहतो.

इथवर आल्यावर त्या पुन्हा अडल्या. त्या गाड्याला बुधवारची रिबीन लागली कशी? बर्फ्या ढळढळीत पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात काम करतो. पिवळीला पांढरी समजायला तो काही आंधळा नाही. आणि ज्या मावशींना माशाच्या पोटातला दोऱ्याएवढा जंत दिसतो, त्यांना हातभर लांब रिबिनीचा रंग दिसू नये? मग कुणी मुद्दाम बदलली? मावशींना घालवायला?

जावईबापूंचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. माणूस आवडला होता, हे त्यांना त्याच वेळी कळलं आणि वाईट वाटलं.

तेवढ्यात आवकजावकचे काका दारात आले. ऑफिसातले सगळे कागद यांच्या हातून जात, आणि दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जायचा.

"बाई," ते गोड आवाजात म्हणाले, "वीस वर्षांत पहिल्यांदा."

"काय झालं?"

"कालचा कारखान्याचा फॉर्म. पांढरी प्रत आपली, पिवळी त्यांची. तुम्ही पांढरी देऊन पिवळी घेऊन आलात." त्यांनी कागद समोर धरला. खिडकीतल्या उन्हात तो हळदीसारखा पिवळा दिसत होता. "चष्म्याचं बघायला हवं आता. वय होतंच."

चिमटाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. असं होणं शक्यच नव्हतं. त्यांनी स्वतः बघून घेतला होता कागद. त्या पिवळ्या खोलीत, त्या टेबलावर, दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून.

त्यांनी फॉर्म काकांच्या हातातून घेतला, उलटसुलट केला आणि एकदम हसायला लागल्या. काका घाबरून एक पाऊल मागे सरकले.

"काका," त्या म्हणाल्या, "ही चूक फायलीला लावा. जपून ठेवा. हिच्यामुळे एका बाईची नोकरी वाचणार आहे."

५

शुक्रवारी सकाळी त्यांनी मालक, जावईबापू, मावशी आणि बर्फ्या या चौघांना थंड खोलीच्या दारासमोर उभं केलं. मालक सत्तरीचे, काठी टेकत आलेले. त्यांनी एकदाच विचारलं, "कारखाना बंद करणार का?" चिमटाबाई म्हणाल्या, "आधी ऐका."

तीन गाड्यांची, सोळा पाकिटांची आणि मंगळवारी कमी पडलेल्या गाड्याची गोष्ट त्यांनी सांगितली. मग मावशींकडे वळल्या.

"त्या मंगळवारी गाड्यांना रिबीन कुणी बांधली?"

"मीच," मावशी म्हणाल्या. उत्तर द्यायला त्यांनी वेळ लावला नाही. "दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही. मंगळवारच्या डब्यातूनच घेतल्या होत्या, ताई."

"तेच. डब्यातून घेतल्या. आणि डब्यांत लावल्या कुणी, कुठे?"

"मीच. आतल्या खोलीत, फळीपाशी."

"बघा, मी म्हणत होतो," जावईबापू मालकांना म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. सगळं बरोबर निघूनही त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

"तुम्ही थांबा," चिमटाबाई म्हणाल्या. "परवा बुधवारी मावशींनी माझ्या डोळ्यांदेखत दोन रिबिनी बांधल्या. मी हातभर अंतरावर होते. तुम्हीही होतात. कुठल्या रंगाच्या होत्या?"

"पांढऱ्या. बुधवार होता ना."

"मलाही पांढऱ्याच वाटल्या. बर्फ्या, आत जा. पिवळ्या रिबिनीचे गाडे किती आणि पांढऱ्या रिबिनीचे किती, मोजून ये. दोन-दोन असायला हवेत. माझा अंदाज खरा असेल तर नसतील."

बर्फ्या आत गेला. दारातून गार वाफेचा लोट आला आणि दार बंद झालं. मावशींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मालकांची काठी फरशीवर उगाच एकदा वाजली.

बर्फ्या बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरं साचलं होतं.

"पिवळे तीन," तो म्हणाला. "पांढरा एक."

मावशी बर्फ्याच्या खुर्चीत बसल्या. "परवासुद्धा चुकले मी," त्या पुटपुटल्या.

"परवा आपण तिघंही चुकलो," चिमटाबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून फॉर्मच्या दोन कोऱ्या प्रती काढल्या आणि सगळ्यांना आतल्या मोठ्या खोलीत नेलं. पिवळ्या दिव्यांखाली त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

"यातला पांढरा कुठला?"

मालकांनी एकावर बोट ठेवलं, मग ते काढून दुसऱ्यावर ठेवलं. जावईबापूंनी दोन्ही कागद उचलून डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. शेवटी ते दोन्ही घेऊन दारात, उन्हात गेले.

"पिवळ्या उजेडात पांढरंही पिवळंच दिसतं," चिमटाबाई म्हणाल्या. "निळी, लाल, हिरवी वेगळी ओळखू येते, म्हणून बाकीचे वार कधी चुकले नाहीत. पिवळी आणि पांढरी मात्र एकाच रंगाच्या होतात. मावशी वीस वर्षं धुतलेल्या रिबिनी डब्यांत लावतायत, एकदाही चूक नाही. तीन आठवड्यांपूर्वी हे दिवे लागले आणि मंगळवार-बुधवारच्या डब्यांची सरमिसळ झाली. बुधवारच्या गाड्याला पिवळी लागली तर तो एक दिवस आधी निघतो. नियम मोडतो, पण फार बिघडत नाही, म्हणून कुणाला कळलं नसतं. मंगळवारच्या गाड्याला पांढरी लागली की तो एका रात्रीत बाहेर."

"पण मावशींना तुकड्यातला जंत दिसतो," मालक म्हणाले.

"काचेच्या टेबलाला स्वतःचा दिवा आहे, पडद्याआड. तो पांढरा आहे. मावशींच्या डोळ्यांत काही नाही. मी स्वतः इथे बसून वीस वर्षांत पहिल्यांदा चुकीची प्रत घेऊन गेले. आमच्या काकांनी माझं वय काढलं."

जावईबापू दारातून परत आले. कागद त्यांनी नीट घडी करून ठेवले आणि मालकांकडे न जाता मावशींच्या समोर जाऊन उभे राहिले.

"दिवे मी लावले," ते म्हणाले. "तुम्हाला विचारलंही नाही. आणि दोष तुमच्यावर ढकलला. माझं चुकलं, मावशी."

"माश्या गेल्या ना पण," मावशी म्हणाल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं आणि हसूही येत होतं. "दिवे चांगलेच आहेत हो तुमचे."

चिमटाबाईंनी पर्समधून रुमाल काढला. हे आपल्या खात्यात बसत नाही, असं वाटून त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

६

कारखाना अकरा दिवस बंद राहिला. थंड खोलीतल्या सगळ्या गाड्यांचे सात दिवस त्या दिवसापासून नव्याने मोजले. पिवळ्या दिव्यांखालून गेलेला तीन आठवड्यांचा माल दुकानांतून परत आला आणि तपासला गेला. आणखी कुणी आजारी पडलं नव्हतं. फळीवर एक पांढरा दिवा लागला. जावईबापूंना रिबिनी काढून प्रत्येक गाड्याला यंत्राने वाचता येणारी चिठ्ठी लावायची होती, पण या वेळी त्यांनी आधी मावशींना विचारलं.

"चिठ्ठी लावा की," मावशी म्हणाल्या. "पण रिबीनही असू दे. आणि तिला गाठी मारू. सोमवारी एक, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. दिवा कुठलाही असो, नसो, बोटांना कळेल."

बर्फ्याने डोळे मिटून सहाच्या सहा रिबिनी ओळखून दाखवल्या, आणि पाचव्यांदा दाखवायला लागला तेव्हा त्याला कामाला पाठवावं लागलं.

रविवारी मावशी चिमटाबाईंना घेऊन घड्याळजींकडे गेल्या. चिमटाबाई नको म्हणत होत्या, कारण तपास संपला होता आणि अशा भेटी नियमात कुठे लिहिलेल्या नसतात. पण मावशींना एकटीने जायचा धीर नव्हता.

घड्याळजी खिडकीत बसून एक हातघड्याळ उघडून बघत होते. सुनेने चहा ठेवला. मावशींनी चहाला हात लावला नाही. वाटेत ठरवून आणलेलं सगळं त्या विसरल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ती रिबीन मी बांधली होती."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"तपासनीसबाईंनी सांगितलं मला सगळं," ते म्हणाले. "मी एकदा एका नवरदेवाचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. सगळं उत्तम, फक्त काटे बसवताना तासभर पुढे बसले. वरात तासभर आधी दारात, आणि मुलीकडचे अजून आंघोळीला. त्या माणसाने मला शिव्या घातल्या नाहीत. म्हणाला, पुढच्या वेळी दाखवून घेईन." त्यांनी मावशींकडे बघितलं. "मला तुमच्याकडचा मासा आवडतो हो. आता विचारायचं एवढंच, की पुन्हा खाऊ की नको?"

सुनेने चमच्याची हालचाल थांबवली. चिमटाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, कारण असले प्रश्न त्यांच्या खात्याचे होते. मग त्यांनी ते मिटलं आणि मावशींकडे बघितलं.

नुसता धीर द्यायला मावशी काही बोलणार नव्हत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी मनात दिवस मोजले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत, आणि पुन्हा एकदा मोजले.

"खा," त्या म्हणाल्या. "परवा मंगळवारी कारखाना सुरू होतोय. त्या दिवशी आत जाणारा गाडा पुढच्या मंगळवारी निघेल. दोन गाठींचा. त्यातलं पाकीट मी स्वतः घेऊन येते, आणि पहिला घास मी खाते."

घड्याळजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सुनेला बोट दाखवलं. तिने उठून पेन घेतलं आणि पुढच्या मंगळवारभोवती गोल केला.

मग मावशींनी चहाचा कप उचलला.